लाकडी एलिव्हेटरची वही: ॲनेक्स गेला, छप्पर राहिलं

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका गावाबाहेर उभा असलेला जुना लाकडी धान्य-एलिव्हेटर टिकवायच्या खटपटीतल्या या नोंदी. गावाचं नाव लिहीत नाही. रिकाम्या एलिव्हेटरवर पोरं चढायला येतात, आणि मालकांना ती डोकेदुखी नको आहे. काम तिघांचं: मी (मूळचा सांगलीचा, सध्या सास्काटूनजवळच्या पोटॅशच्या खाणीत मेन्टेनन्सला), खाणीतला माझा पाळीसोबती म्हणजे मालकांचा मुलगा, आणि इथे शिकायला आलेला माझा भाचा. तिघांनाही आठवड्यात फक्त शनिवार मोकळा.

एलिव्हेटर म्हटल्यावर आपल्याकडे लिफ्ट डोळ्यांसमोर येते, म्हणून एकदाच सांगून टाकतो. शेतकरी गाडी आत आणतो, जमिनीतल्या खड्ड्यात धान्य ओततो. पट्ट्यावर बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या ते उचलून सत्तर-ऐंशी फुटांवर नेतात, तिथून हव्या त्या कप्प्यात सोडतात. पट्ट्याच्या या रहाटगाडग्याला ‘लेग’ म्हणतात, त्याच्या खालच्या टोकाला ‘बूट’. रेल्वेचा डबा खाली लागला की धान्य आपल्याच वजनाने डब्यात उतरतं. कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे सपाट गवताळ मैदानी प्रदेशात, १९३३ साली असे ५,७५८ एलिव्हेटर उभे होते. आता काही शेच उरलेत.

४ मे २०२४

आज नुसती पाहणी करायची ठरली होती, तरी हात सोलून घेतले.

हा एलिव्हेटर सस्कॅचवान व्हीट पूल या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा, १९२८ चा. रेल्वे गेली, रूळ उखडले, तेव्हा मालकांनी तो एका डॉलरला घेतला आणि २०११ पर्यंत स्वतःचं धान्य त्यात ठेवलं. त्यानंतर फक्त पारवे. शेजारी १९५०च्या दशकात जोडलेला ‘ॲनेक्स’, म्हणजे जास्तीच्या कप्प्यांची बुटकी इमारत. त्याचं छप्पर एका कोपऱ्यात बसलंय, आत आभाळ दिसतं.

भिंती बघून भाचा म्हणाला, “मामा, ही भिंत नाहीच, ही फळ्यांची चवड आहे.” खरंच तसं आहे. खांब-तुळयांचा सांगाडा करून वर फळ्या ठोकलेल्या नाहीत. फळ्या आडव्या निजवून एकावर एक ठोकत नेल्यात, जमिनीपासून छपरापर्यंत. भरल्यावर आत तीस हजार बुशेल गहू, म्हणजे आठशे टनांच्या वर. तेवढं धान्य भिंतींना चहूबाजूंनी बाहेर रेटतं, म्हणून ही पद्धत.

आता हाताची गोष्ट. वर जायला एक मॅनलिफ्ट असते: एका माणसापुरती लाकडी फळी, दोर, आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं. मोटर नाही. पायाखालचा ब्रेक दाबून सोडवायचा आणि दोर ओढत आपणच आपल्याला वर न्यायचं. वजनं माणसाच्या वजनाशी जुळवलेली असतात. मी फळीवर उभा राहिलो, ब्रेक दाबून बघितला, आणि दहा फूट वर उडालो. दोर पकडला म्हणून थांबलो, तळव्यांची साल मात्र गेली.

गावात या एलिव्हेटरचे शेवटचे एजंट, म्हणजे संस्थेतर्फे इथे धान्य घेणारे, अजून राहतात, वय वर्षं चौऱ्याऐंशी. मी त्यांना मनातल्या मनात एजंटआजोबा म्हणतो. मालकांच्या मुलाने त्यांना फोनवर हकिगत सांगितली, तर ते पोट धरून हसले. वजनं त्यांच्या वजनाची होती. तेव्हा ते पंच्याण्णव किलो होते. मी बासष्ट.

करायचं ते: मॅनलिफ्टला साखळी आणि कुलूप. कोणीही, अगदी कोणीही, ती वापरायची नाही. पहिलंच कुलूप यावर खर्च करा.

११ मे

बेत असा ठरला. ॲनेक्स वाचण्यासारखा नाही, तो उतरवायचा. त्याचं लाकूड विकून मुख्य एलिव्हेटरचं छप्पर करायचं. खालच्या ड्राइव्हवेत, म्हणजे गाडी आत यायची त्या शेडमध्ये, सुतारकामाची जागा करायची. दोन कप्पे मालकांना बियाण्यासाठी हवेत.

“एवढ्या उंच इमारतीचं पुढे काय करणार?” असं प्रत्येक जण विचारतो. हॉटेल करा, घर करा, वर काच बसवा. आत उभं राहिल्यावर कळतं की माणसाला वावरायला जागा आहे ती फक्त ड्राइव्हवे आणि शेजारची ऑफिसची खोली. बाकी सगळे खिडक्या नसलेले, तळाला उतरते, विहिरीसारखे कप्पे. त्यांना दारं पाडायची तर भिंत कापावी लागते, आणि भिंत कापली की चवड सैल होते. म्हणजे वापर दहा टक्के इमारतीचा आणि छप्पर शंभर टक्क्यांचं. हे गणित आधी मांडा, मग स्वप्नं बघा.

आज जुन्या लाकडाचा एक व्यापारी येऊन गेला. ॲनेक्स तो स्वतःच्या यंत्रांनी पाडणार, सगळं लाकूड नेणार, जागा साफ करून देणार, वर आठ हजार डॉलर देणार. मी फळ्यांचा अंदाज काढला: पन्नास हजार बोर्ड फुटांच्या आसपास (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड लाकूड). जुन्या डग्लस फरचा भाव बघितला, मनात गुणाकार केला आणि त्याला नाही म्हणालो. मालक काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून डोकं खाजवलं. या गुणाकाराकडे मी पुढे परत येणार आहे.

१८ मे

खड्डा. ड्राइव्हवेच्या जाळीखाली बूट बसलेला खड्डा बर्फाच्या पाण्याने भरला होता. पंपाने दोन तासांत उपसला. तळाला गुडघाभर काळा चिखल आणि कुजलेलं धान्य. वास गोठ्यासारखा, थोडा दारूसारखा.

भाचा शिडी लावून उतरायच्या तयारीत होता. मी त्याला थांबवलं ते अक्कलहुशारीने नव्हे, बाबांच्या आठवणीने. बाबा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. सांगलीशेजारच्या हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत ठेवत. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे, हवा खेळू द्यायची. घाई केलेली माणसं कशी गेली, त्या गोष्टी लहानपणी रात्री ऐकलेल्या. कुजणारं धान्य हवेतला प्राणवायू खातं, आणि जड वायू खड्ड्यात साचून बसतो. पेव असो की पिट, फरक काहीच नाही.

खाणीत आम्ही रोज गॅस मीटर वापरतो आणि इथे आणायचं सुचलं नव्हतं. सोबती शहरात जाऊन भाड्याने घेऊन आला, अडीच तास गेले. दोरीने खाली सोडला तर प्राणवायू १७.४ टक्के. १९.५ च्या खाली मीटर कोकलायला लागतो. ब्लोअर लावून ताजी हवा आत फेकली. पावणेदोन तासांनी २०.८. मग मी उतरलो, अंगात हार्नेस, वर दोघं दोर धरून, मीटर छातीवर चालू.

बादलीने चिखल काढला, ऐंशीच्या आसपास बादल्या. पत्र्याच्या एका वाटीच्या कोपऱ्यात मूठभर लाल मसूर सापडली, अगदी कोरडी. मालक इथे मसूरही ठेवायचे. सस्कॅचवानची मसूर भारतात जाते, तेव्हा आमच्या सांगलीच्या आमटीत हिच्या कुळातली कोणी पडली असेलच. भाच्याने ती फोडून चावून बघितली. मी त्याला शिव्या घातल्या.

२५ मे

दिवसभर पारवे. वरच्या मजल्यावर विष्ठेचा थर कुठे कुठे नऊ इंच. कोरडी झाडू नका, धुळीतून फुप्फुसाचे रोग होतात. पाणी मारून ओली करायची आणि फावड्याने पोत्यात भरायची. ऑफिसच्या खोलीत उंदरांच्या लेंड्या होत्या. इथल्या हरण-उंदरांमुळे हांटा विषाणू पसरतो, म्हणून ब्लीचचं पाणी मारून, दहा मिनिटं भिजू देऊन, मग कापडाने टिपलं. साधा कागदी मास्क चालत नाही, पी-१०० लागतो. दाढी असेल तर काढा, मास्क बसत नाही. मी दहा वर्षांनी दाढी काढली. घरी गेल्यावर मुलगी रडली.

१ जून

ॲनेक्स पाडला. एक्स्कॅव्हेटर आणि चालक, दीड दिवसाचे ३,६०० डॉलर.

आधी दोन इमारतींना वर जोडणारा कन्व्हेयरचा, म्हणजे धान्य वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा, बोगदा कापून सुटा केला. मग एलिव्हेटरपासून लांबच्या बाजूचे कोपरे खालून कापले आणि जवळच्या बाजूने रेटलं. इमारत कोसळली नाही, तर लवंडली. मोठ्या पेटीसारखी, जवळजवळ अख्खी. आवाज उशिरा आला असं वाटलं. मग धूळ, आणि धुळीतून गहू गळतानाचा सळसळाट, कुठल्या तरी कपारीत राहिलेला.

चूक: बोगदा कापताना एलिव्हेटरच्या भिंतीतला एक जोड-बोल्ट राहिला होता. इमारत जाताना त्याने अंदाजे सहा फूट बाय चार फूट पत्रा आणि त्यामागची सालपटं ओढून नेली. चालकाला पाडायच्या आधी एक तास द्या, त्याने स्वतः बोल्ट मोजले पाहिजेत. मीच “सगळे काढले” असं सांगितलं होतं.

एजंटआजोबा खुर्ची टाकून लांब बसले होते. पडल्यावर म्हणाले, “रिकामा होता म्हणून इतका सोपा गेला.”

८ जून आणि १५ जून

दोन शनिवार वाया. फळ्या सुट्या होईनात.

पहारीने उचकटून बघितलं. सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड, खिळे फूट-फूटभर अंतरावर, आणि प्रत्येक खिळा खालच्या दोन फळ्यांत गेलेला. फळी एका टोकाला उचलली की मधे उभी चिरते. पहिल्या दिवशी २६ फळ्या काढल्या, त्यातल्या १९ चिरल्या.

मग दोन फळ्यांच्या फटीत हलती करवत घालून खिळे कापायला घेतले. फळी चिरत नाही, पण एक पातं चार-पाच फळ्यांत संपतं. शिवाय खिळ्याचे तुकडे लाकडाच्या पोटात राहतात. संध्याकाळी हौसेने एक फळी रंधायंत्रात घातली तर ठिणगी उडाली आणि तिन्ही पात्यांना खाचा. ती पाती नवी होती.

ठिणगीवरून सांगतो: एलिव्हेटरच्या आत ग्राइंडर, वेल्डिंग, कटर काहीही चालवायचं नाही. धान्याची धूळ हवेत उडाली की बारूद असते. १९९८ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका प्रचंड एलिव्हेटरमध्ये असाच स्फोट होऊन सात माणसं गेली. आम्ही कापाकापी सगळी बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्याची टाकी शेजारी ठेवून केली. आगीचंही तसंच. याच प्रांतात फ्लेमिंगला १८९५ चा एलिव्हेटर होता, सव्वाशे वर्षांकडे निघालेला. २०१० मध्ये एका रात्रीत जळून गेला.

२२ जून

तोडगा मिळाला, तोही अपघाताने. मालकांनी भिंतीचा एक तुकडा हलवायला टेलिहँडलरचे (लांब हाताच्या, ओझं उचलायच्या ट्रॅक्टरसारख्या यंत्राचे) काटे खाली घातले, ते चुकून दोन फळ्यांच्या मधे शिरले. उचलल्यावर वरच्या पाच फळ्या एकत्र, हळूच, करकरत वर आल्या. खिळे सरळ उपसले गेले. फळी एका टोकाने न उचलता सगळ्या लांबीवर सारखी उचलली की चिरत नाही, एवढीच मेख.

पद्धत अशी बसली: तुकडा आडवा टाकायचा, काटे चार-चार फुटांवर घालायचे, दोन इंच उचलायचं, थांबायचं, पुढे सरकायचं. सुट्या फळ्यांतले खिळे टोकाकडून हवेच्या दाबाच्या पिस्तुलाने उलटे ठोकून काढायचे. शेवटी मेटल डिटेक्टर फिरवायचा. तो ओरडला तर खडूने गोल. आज एका दिवसात २१० फळ्या, चिरलेल्या अकरा.

आणि मग गुणाकार आठवला. या वेगानेही सगळा ढीग संपायला दोन वर्षं लागतील.

६ जुलै

दुसरा भ्रम फुटला. जुन्या एलिव्हेटरच्या लाकडाला भाव येतो तो धान्याने झिजवलेल्या पृष्ठभागासाठी. वर्षानुवर्षं गहू घासून लाकडातला मऊ भाग जातो, टणक रेषा उंच राहतात. ओल्या वाळूवर लाटेने काढावी तशी नक्षी. हात फिरवला की गुळगुळीत, पण सपाट नाही. मी धरून चाललो होतो की आतली प्रत्येक फळी अशीच निघणार.

फळ्या आडव्या निजवलेल्या आहेत! म्हणजे धान्याला लागते ती फळीची जाडी, पावणेदोन इंचाची कड. रुंद बाजू तर आयुष्यभर शेजारच्या फळीखाली झाकलेली. रुंद बाजूला नक्षी हवी तर ती फक्त कप्प्याच्या उतरत्या तळाच्या फळ्यांना आणि लाकडी नळांना. मे महिन्यात चवड बघून आम्ही ‘वा’ म्हणालो होतो, तेव्हाच हे कळायला हवं होतं.

तळाच्या फळ्या शोधून वेगळ्या काढल्या: सगळ्या मिळून ६०० बोर्ड फूट. बाकी लाकूड चांगलं आहे, पण साधं. खाली सहा इंची फळ्या आणि वर गेल्यावर चार इंची, तोही अंदाज मी सगळीकडे सहा इंचांनी केला होता.

ऑफिसच्या चौकटींच्या पांढऱ्या रंगावर शिशाची चाचणी केली, कापूस लाल झाला. तो रंग खरवडायचा नाही, वरून बंद करायचा.

२० ते २६ जुलै

छप्पर. आठवड्याची सुट्टी काढली. ८५ फुटी बूम लिफ्ट, म्हणजे माणसांना पाळण्यातून वर नेणारं यंत्र, आठवड्याला २,८०० डॉलर. ताशी ४५ किलोमीटरच्या वर वारा असेल तर ती चालवायची नाही, असं तिच्या पाटीवरच लिहिलेलं. प्रेअरीतला वारा. सातांपैकी तीन दिवस आम्ही खाली बसून पत्त्यांचा डाव मांडला, भाडं चालूच. सोबत्याला झब्बू शिकवला. आता तो खाणीत सगळ्यांना शिकवतोय.

पहिल्या दिवशी जुन्या सीडरच्या लाकडी कौलांवरच नवा पत्रा ठोकला, काम झटपट व्हावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पत्रा हाताने उचलला गेला. स्क्रू कुजक्या लाकडात नुसते फिरत होते. सगळा पत्रा काढला, कौलं खरवडून खाली टाकली, कुजक्या फळ्या बदलल्या, ॲनेक्सच्याच चार इंची फळ्यांच्या पट्ट्या आडव्या मारल्या आणि त्यावर पत्रा. या पट्ट्यांचं लाकूड इतकं टणक की आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही. पत्रा आणि सामान ६,८५० डॉलर.

वरून खाली बघितलं तर चारी दिशांना गावं कुठे असतील ते सांगता येतं. रुळांवर दर आठ-दहा मैलांवर एक एलिव्हेटर, घोडागाडीने दिवसात जाऊन येता यावं म्हणून. आता वरून एकही दिसला नाही. दिसला तो क्षितिजावरचा काँक्रीटचा टर्मिनल, जिथे मालक आता तासभर ट्रक चालवून जातात. १९९५ मध्ये रेल्वेभाड्याचं अनुदान गेलं, लहान फाटे बंद पडले, आणि कंपन्यांना शंभर लाकडी एलिव्हेटरांपेक्षा एक मोठा टर्मिनल परवडायला लागला. आल्बर्टात नॅन्टनला लोकांनी २००१ मध्ये बुलडोझर यायच्या आत आपले एलिव्हेटर अडवून धरले, मॅनिटोबात इंग्लिसला पाचांची ओळ राष्ट्रीय वारसा म्हणून राहिली. बाकी ठिकाणी एका डॉलरला कोणी घेतले ते राहिले.

१७ ऑगस्ट

सुगी सुरू. मालक, मुलगा आणि टेलिहँडलर तिन्ही शेतात. मी आणि भाचा हाताने खिळे काढत बसलो. ४४ फळ्या. यापुढे महिनाभर असंच राहणार. मे महिन्याच्या वेळापत्रकात मी सुगी धरलीच नव्हती, शेतकऱ्याच्या दारात बसून!

३१ ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर

शनिवारी गणपती, म्हणून झिजलेल्या फळ्यांचा चौरंग करायचं बायकोला कबूल केलं होतं. पहिली तयार वस्तू देवाची, असा माझा हट्ट.

अठरा इंच बाय अठरा. तीन फळ्या, नक्षी वर ठेवून, कडा रंधून जोडल्या, खाली आडव्या पट्ट्या. तीन हात जवसाचं तेल दिल्यावर रंग उसाच्या काकवीसारखा निघाला. एका फळीत खिळ्याचं भोक होतं, लोखंडाने भोवती लाकूड काळं झालेलं. ते तसंच ठेवलं.

शुक्रवारी रात्री मूर्ती ठेवून बघितली तर ती डुगडुगली. नक्षी म्हणजे उंचसखल, आणि शाडूच्या मूर्तीची बैठक सपाट. खाली कागदाच्या घड्या घातल्या, मग नाणी. बायको म्हणाली, “बाप्पांना नाण्यांवर बसवायचं का आता?” रात्री साडेअकराला मधला नऊ इंचांचा चौकोन पटाशीने सपाट केला. कडेला नक्षी राहिली, मधे बाप्पा घट्ट. खरं तर हेच जास्त छान दिसतं, पण ते मी तिला सांगितलं नाही. झिजलेल्या फळीचं टेबल करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: त्यावर ताटली हलते, पेला कलंडतो. एक तर वर काच टाका, नाही तर ती फळी भिंतीवर लावा.

२१ सप्टेंबर

मे महिन्यातल्या व्यापाऱ्याला फोन केला. तो यायचं म्हणाला, उरलेला ढीग नेऊन जागा साफ करून द्यायचंही कबूल केलं, पण पैसे द्यायचे नाहीत. चार महिने पाऊस खाल्लेला ढीग, आणि चांगला माल आम्ही काढलेला. बर्फ पडायच्या आत जागा मोकळी हवी होती. हो म्हणालो.

आम्ही सुटं केलेलं लाकूड एकूण ३,८०० बोर्ड फूट. ढिगाचा दहावा हिस्साही नाही.

५ ऑक्टोबर

ओढलेल्या पत्र्याची जागा बंद केली. ड्राइव्हवेत दिवे, एक ओटा, भिंतीवर हत्यारांची पाटी. खड्ड्यावरची जाळी उघडीच ठेवलीय, कारण लेग चालवून बघायचा आहे. पण जाळीवर झाकण टाकल्याशिवाय ओट्यावर काम करायचं नाही असा नियम. पहिल्याच तासात माझी टेप खड्ड्यात पडली.

जमीन फळ्यांची आहे आणि जुन्या वजनकाट्यासाठी मधे सैल. जड यंत्र ठेवायचं तर खालून टेकू द्या. आम्ही रंधायंत्र काट्याच्या बाहेर, काँक्रीटवर ठेवलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

पहार, करवत, पटाशी, खिळ्यांचं पिस्तूल आणि गॅस मीटर ओट्यावर मांडून हळदीकुंकू वाहिलं. झेंडूची फुलं सास्काटूनहून, थंडीने थोडी काळवंडलेली. एजंटआजोबांनी विचारलं, हत्यारांना फुलं कशाला. भाच्याने सांगितलं. त्यांनी खिशातून पितळी टोकाची एक सळई काढली. धान्याच्या गाडीत खुपसून तळातला नमुना काढायची, त्यांच्या नोकरीची. ओट्यावर पहारीशेजारी ठेवली आणि म्हणाले, “हिलाही.”

मग हिशेब, कारण वाचणाऱ्याला तोच हवा असतो.

खर्च: एक्स्कॅव्हेटर ३,६००, बूम लिफ्ट २,८००, छप्पर ६,८५०, विम्याचा वाढीव हप्ता ९००, मास्क-मीटर-पंप-पाती-डिटेक्टर १,३९०. एकूण १५,५४० डॉलर. जमा: झिजलेल्या फळ्या ६०० बोर्ड फूट, ९ डॉलरने ५,४००, साध्या ३,२००, अडीच डॉलरने ८,०००. एकूण १३,४००. तूट २,१४०, ती मालकांनी भरली. चौरंगाच्या फळ्या मी विकत घेतल्या, त्या यातच आल्या.

मे महिन्यात व्यापाऱ्याला हो म्हटलं असतं तर एक्स्कॅव्हेटरचा खर्च नाही, पाती-डिटेक्टरचे ६४० नाहीत, वर आठ हजार रोख. तरी तूट ३,३०० आली असती. म्हणजे आमच्या शनिवारांची कमाई १,१६० डॉलर. तीन माणसांचे ३३६ तास मी लिहून ठेवलेत. तासाला साडेतीन डॉलर पडतात. इथलं किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये पंधरा झालं होतं. भाच्याने हा आकडा मोठ्याने वाचला आणि सोबत्याने त्याला झेंडू फेकून मारला.

दुपारी लेग चालवला. दारं सताड उघडी, सगळे बाहेर, स्विच लांब तारेवर. पट्टा आधी कण्हला, मग लयीत आला. एक वाटी तुटलेली आहे, तिच्या जागी दर फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या टकेला म्हणाले, डोक्याकडचा पट्टा डावीकडे सरकतोय, बंद करा. वर जाऊन बघितलं तर खरंच दोन बोटं सरकला होता. ताण सारखा केला, पुन्हा चालवला.

मालकांनी साठ बुशेल ओट (जई) ओतले. वर गेले, नळातून धबधब्यासारखे पाचव्या कप्प्यात पडले. तेरा वर्षांनी त्यात काही पडलं.

पंधरा मिनिटांनी कप्प्याच्या तळाच्या कोपऱ्यातून बारीक धार सुरू झाली, ड्राइव्हवेच्या जमिनीवर, बरोबर माझ्या ओट्याखाली. फट दोन बोटांची आहे, दोन फळ्यांच्या जोडात. आत्ता खाली बादली लावून आलोय. पुढच्या शनिवारी कप्पा रिकामा करून आतून पत्र्याची पट्टी मारायची. स्क्रूसाठी आधी भोक पाडायला विसरायचं नाही.